घाटातील मोटार आणि इंधनाचा जमाखर्च

आमच्या महाड-पोलादपूर भागात मोटारगाडी ही आता केवळ श्रीमंतांच्या दारची वस्तू राहिलेली नाही. ज्याच्या घरी पूर्वी खिल्लारी जोडी असे, त्याच्या अंगणात आज एखादी लहान मोटार, जुनी जीप अथवा पिकअप उभी दिसते. भाताचे बियाणे, खताच्या गोणी, आंब्याच्या पेट्या, दवाखान्यातील रोगी, मुंबईहून आलेले चाकरमानी, या सर्वांची ने-आण तीच करते. तिच्यावाचून आता चालणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु बैलाच्या वैरणीचा हिशेब जो शेतकरी पेंढीपेंढीने ठेवीत असे, तोच मोटारीच्या वैरणीचा हिशेब मात्र ठेवीत नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. पंपावर जाऊन 'पाचशेचे टाक' म्हणावयाचे, काटा वर गेला की निघावयाचे, आणि महिनाअखेर पैसे गेले कोठे म्हणून कपाळास हात लावावयाचा, असा बहुतेकांचा क्रम आहे.

इंधनाची टंचाई ही काही नवी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ सालापासून, आपल्या देशात पेट्रोलवर नियंत्रण होते. कूपनावाचून ते मिळत नसे, आणि कित्येक बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून त्या चालवाव्या लागत. पुढे १९७३ साली अरब देशांनी तेल रोखून धरले तेव्हा जगभर किमती भडकल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंधनाच्या दरवाढीचा निषेध म्हणून श्री. अटलबिहारी वाजपेयी हे संसदेत बैलगाडीने गेले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. आज कूपन नाही, रांग नाही. परंतु देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. त्याचा भाव आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे तो आपला पाय, आपली वही आणि आपली खेप. म्हणून या तिन्हींचा विचार येथे करावयाचा आहे. त्यातही आमच्या भागास घाटांनी तिन्ही बाजूंनी वेढिले असल्यामुळे, घाट चढण्या-उतरण्याचा विचार विस्ताराने केला आहे.

वही

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. ज्या गोष्टीची नोंद नाही ती गोष्ट नाही, असे त्या खात्याचे शास्त्र आहे, आणि मोटारीस ते तंतोतंत लागू पडते. 'माझी गाडी वीसचा ॲव्हरेज देते' असे सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. मोजले कधी, असे विचारता उत्तर मिळत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. एके दिवशी टाकी भरावी. पंपाचे नळकांडे आपोआप बंद पडले की तेथेच थांबावे. किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा. पुढे नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी भरावी व किती लिटर बसले ते टिपावे. समजा, पहिला आकडा ४०,२१० होता, दुसरा ४०,६४२ झाला आणि २७ लिटर पेट्रोल बसले. गाडी ४३२ किलोमीटर चालली. २७ ने भागता लिटरला १६ किलोमीटर आले. एका वेळच्या मोजणीत थोडी चूक संभवते, यास्तव तीन-चार वेळांचा मेळ घालावा. वहीत तारीख, आकडा, लिटर, रुपये, कोठे गेलो व कशासाठी गेलो, असे सहा रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा; तो का, हे पुढे येईल.

आता या वहीचा लाभ पाहा. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू. महिन्यास १,००० किलोमीटर चालणारी गाडी वर्षास १२,००० किलोमीटर चालते. लिटरला १५ किलोमीटर पडत असतील, तर ८०० लिटर, म्हणजे ८०,००० रुपये लागतात. तीच गाडी नीट राखली व नीट हाकली आणि १८ किलोमीटर पडू लागले, तर ६६७ लिटर, म्हणजे सुमारे ६६,७०० रुपये पुरतात. वर्षाकाठी १३,३०० रुपये वाचले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला आहे. त्या दराने ही बचत साडेपाच क्विंटलांहून अधिक भाताइतकी होते. ज्याच्या शिवारात वरकस जमीनच अधिक, त्यास साडेपाच क्विंटल भात पिकविण्यास किती घाम गाळावा लागतो, हे आम्ही सांगावयास नको.

पाय

गाडी चालविणाऱ्याचा उजवा पाय हा तिजोरीचा पहारेकरी आहे. पुढे वळण आहे, म्हैस आडवी आली आहे, की एस.टी. थांबली आहे, हे दुरून दिसत असता शेवटपर्यंत वेग ठेवावयाचा आणि मग करकचून ब्रेक दाबावयाचा, ही सवय खर्चाची आहे. वेग हा पैसे देऊन विकत घेतलेला माल आहे. ब्रेक दाबला की तो माल उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. दुरून पाहून पाय आधीच उचलला, तर तोच वेग आपणांस फुकट पुढे नेतो.

गिअर बदलण्यातही असेच आहे. सपाट रस्त्यावर इंजिनास ओरडू न देता वेळीच वरचा गिअर टाकावा. परंतु वरच्या गिअरात गाडी धडधडू लागली, तर हट्ट न धरता खालचा टाकावा. सकाळी गाडी सुरू करून अंगणात दहा मिनिटे धुरावत ठेवण्याची जुन्या जीपच्या काळची रीत आजच्या गाड्यांस नको. सुरू करावी, क्षणभर थांबावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावी.

वेगाविषयी एक नियम ध्यानात ठेवावा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगास जो अडथळा असतो, तो ९० ला सव्वादोन पट होतो. महाडहून पोलादपूरला जाणारा महामार्ग आता रुंद झाल्यामुळे पाय आपोआप दाबला जातो. वीस किलोमीटरच्या पल्ल्यास ६० च्या वेगाने वीस मिनिटे लागतात, ९० च्या वेगाने तेरा मिनिटे. वाचलेली सात मिनिटे पोलादपूरच्या नाक्यावर चहा पिण्यात जातात. जास्तीचे पेट्रोल मात्र परत येत नाही. तेलाच्या काटकसरीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पी.सी.आर.ए. ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे. महामार्गावर मागून अवजड वाहने येत असता इतके हळू चालणे नेहमी सुरक्षित नसते, हे आम्ही जाणतो. तथापि ८० च्या पुढे काटा नेण्यात शेतकऱ्याचा कोणता लाभ आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हा तर निव्वळ तोटा. लहान पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला सुमारे पाऊण लिटर पिते. महाडच्या बाजारात कोणी भाजी आणावयास उतरला, कोणी औषध घ्यावयास गेला, आणि इंजिन चालूच. दिवसाची अशी दहा मिनिटे धरली, तर महिन्याचे पाच तास व पावणेचार लिटर होतात. म्हणजे एक किलोमीटरही न चालता ३७५ रुपये गेले! मात्र टर्बो बसविलेल्या गाडीने घाटाची मोठी चढण चढून आल्यावर इंजिन तात्काळ बंद करू नये. मिनिटभर चालू ठेवून मग बंद करावे. तेवढे इंधन टर्बोच्या आयुष्यासाठी खर्ची पडते, ते वाया गेले असे समजू नये.

चढ

आता घाटाकडे वळू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच; अर्थात तेवढ्या अंतरात गाडीस जवळजवळ १,३०० मीटर वर चढावे लागते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी एवढी उंच नेण्यास किती पेट्रोल लागावे? एका लिटर पेट्रोलात जेवढी शक्ती असते, तिच्यापैकी फार तर चौथा ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते. त्या मानाने हिशेब करता, केवळ उंची चढण्यापोटी दीड ते दोन लिटर लागतात. रस्ता कापण्याचे इंधन वेगळे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ओझ्याची. एक क्विंटल जास्तीचे ओझे या घाटावर नेण्यास सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे १३ ते १५ रुपये लागतात. कामाचा माल असेल तर हा खर्च काहीच नव्हे. परंतु गाडीच्या मागे महिनोन्‌महिने पडलेली अर्धी सिमेंटची गोणी, जुना जॅक, पाण्याचा पंप, ही मंडळी प्रत्येक खेपेस भाडे न देता घाट चढत असतात. त्यांना उतरवावे. टपावर बांधलेली लोखंडी जाळीही तशीच. कलमांच्या हंगामात ती लागते. हंगाम सरल्यावर ती रिकामीच वारा अडवीत फिरते.

दुसरी गोष्ट चढण्याच्या रीतीची. चढ लागण्यापूर्वीच गाडी बऱ्या वेगात असावी, व इंजिन कण्हू लागण्याच्या आधी खालचा गिअर टाकावा. चढावर थांबावे लागले तर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरू नये, हातब्रेक ओढावा. अर्ध्या क्लचवर तोलण्याने क्लचपट्टी जळते, आणि ती बदलण्याच्या खर्चात कित्येक टाक्या पेट्रोल येते. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. चढणाऱ्याचा वेग एकदा मोडला की तो पुन्हा मिळविण्यास फार इंधन लागते. तेव्हा या नियमात सौजन्याबरोबर हिशेबही आहे.

रस्ता सुधारला की इंधन कसे वाचते, याचे उदाहरण पोलादपूरपलीकडेच आहे. कशेडी घाटाखालून काढलेला सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा २०२३ सालच्या गणेशोत्सवाच्या वेळी हलक्या वाहनांसाठी प्रथम खुला झाला. खेडकडे जाणाऱ्यास जुन्या घाटातील चढ-उतार व वळणे त्यामुळे टळली. परंतु आंबेनळीला व वरंध घाटाला असा बोगदा नाही. तेथे चालविणाऱ्याची अक्कल हाच बोगदा.

उतार

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि वाचकांनी बाकीचे विसरले तरी एवढे विसरू नये. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कित्येकदा इंजिनही बंद करून, ती नुसती सोडून द्यावयाची, आणि 'फुकटात खाली आलो' म्हणून समाधान मानावयाचे, ही रीत आमच्या भागात सर्रास आढळते. घाटात राहणारे जुने ड्रायव्हरही ती नव्यांस शिकवितात. ही रीत दोन प्रकारांनी खोटी आहे: तिच्यात काटकसर नाही, आणि तिच्यात जिवास धोका आहे.

प्रथम काटकसर पाहू. हल्लीच्या बहुतेक सर्व गाड्यांत इंधन किती सोडावयाचे हे एक लहान संगणक ठरवितो. गाडी गिअरात आहे, चाके इंजिनास फिरवीत आहेत, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, असे दिसताच तो इंधन जवळजवळ पुरते बंद करतो. कारण इंजिनास फिरत ठेवण्याचे काम उतारच करीत असतो. उलट न्यूट्रल टाकले की चाकांचा व इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्यास इंधन पुरवावेच लागते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरण्यास सव्वा तास लागला, तर न्यूट्रलमध्ये पाऊण ते एक लिटर जळते. गिअरात उतरल्यास, वळणावळणांवर जो थोडा पाय द्यावा लागेल तेवढेच. अर्थात जो पेट्रोल वाचवावयास न्यूट्रल टाकतो, तोच अधिक पेट्रोल जाळतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंधन असे पुरते बंद होत नसे, म्हणून जुनी समजूत पडली असावी. परंतु त्या गाड्यांनाही पुढे सांगितलेला धोका होताच.

आता धोका. चढताना दीड-दोन लिटर पेट्रोल जाळून जी शक्ती गाडीत साठली, ती उतरताना कोठेतरी जावीच लागते. ती सर्वच्या सर्व उष्णतेत बदलली, तर पंचेचाळीस-पन्नास लिटर थंड पाण्यास उकळी येईल, एवढी ती आहे. त्यातील काही हिस्सा वारा व रस्ता घेतात. उरलेल्याचा मोठा वाटा, गाडी गिअरात असेल तर, इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतो, त्याची पकड सुटू लागते. ब्रेकच्या तेलात आमच्या दमट हवेतील पाणी हळूहळू मुरत असते. ब्रेक फार तापला की त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल मऊ पडून खाली जाते. पाय दाबलेला असतो, परंतु गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले असेल, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली चुकून बाहेर निघाली तर ते जागच्या जागी अडकते. हे सर्व कोठे? तर ज्या रस्त्याच्या एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास दरी, त्या रस्त्यावर.

याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जणांचा अंत झाला. ज्यांनी आम्हां कोकणच्या शेतकऱ्यांची सेवा केली, अशी ती माणसे होती. त्या अपघाताच्या कारणाची मीमांसा करणे हा येथील विषय नव्हे, व न्यूट्रलशी त्याचा संबंध जोडण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु त्या घाटात चूक सावरून घेण्यास जागा किती थोडी आहे, हे त्या दिवसाने सर्वांस दाखविले. अशा ठिकाणी चार आण्यांच्या बचतीच्या कल्पनेने आपण होऊन गाडीचा लगाम सोडणे, यास काय म्हणावे?

आमच्या वाडवडिलांनी हे जाणले होते. उतार लागला म्हणून बैलांना जुवातून मोकळे करून गाडी मोकाट सोडणारा गाडीवान कोणी ऐकला आहे काय? उतारावरच तो बैलांच्या कासऱ्यास अधिक घट्ट धरीत असे, आणि गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकास अटकाव करीत असे. मोटारीचे इंजिन हेच तिचे बैल. त्यांना उतारावर जुंपलेलेच ठेवावे.

तेव्हा रीत अशी: ज्या गिअरात चढ चढावा लागतो, त्याच गिअरात उतार उतरावा. घाटाच्या माथ्यावरच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा, उतारास लागल्यावर नव्हे. ब्रेक सतत दाबून न धरता, लागेल तेव्हा ठाम दाबावा आणि सोडावा. करपल्यासारखा वास आला, तर मोकळी जागा पाहून थांबावे व ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतू नये. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. विजेवर चालणाऱ्या गाड्या आता काही घरी आल्या आहेत. त्या गाड्यांत तर गिअरात ठेवून उतरल्यास उतारामुळे बॅटरीत थोडी वीज परत भरते. एवंच, गाडी कोणतीही असो, उतारावर ती जुंपलेलीच बरी.

चाक, हवा व पंप

चिखलात रुतलेले गाडीचे चाक ओढताना बैल का थकतो, हे शेतकऱ्यास सांगणे नको. हवा कमी असलेला टायर हा असाच, आपला चिखल आपल्याबरोबर घेऊन फिरतो. महिन्यातून एकदा, गाडी फार चालविण्यापूर्वी, टायर थंड असता हवा तपासावी. किती भरावयाची तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. पंपावरील पोऱ्याच्या अंदाजावर जाऊ नये. कमी हवेने इंधन तर जातेच, शिवाय टायरच्या दोन्ही कडा झिजून तो वेळेआधी टाकावा लागतो. उन्हाळ्यात आमच्या तांबड्या रस्त्यांची धूळ हवेच्या गाळणीत साचते व गाडीचा जोर कमी होतो. ती गाळणी पावसाळ्यापूर्वी साफ करावी अथवा बदलावी.

हल्ली पेट्रोलात शेकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेले असते. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून होते, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉलात पेट्रोलच्या मानाने शक्ती सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरणे साहजिक आहे. जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांत तो शेकडा ६-७ पर्यंत उतरू शकतो, असे नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच म्हटले होते. म्हणून वहीत एवढी घट दिसली, तर लगेच मेकॅनिकच्या हाती गाडी देऊन इंजिन उघडू नये. घट याहून मोठी असेल, तरच शोध घ्यावा. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी ठेवू नये. पंपावर माप कमी मिळते अशी शंका असल्यास, पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. तो भांडण न करता, परंतु ठामपणे बजावावा. इंधनाच्या नळीस चुंबक बांधून अथवा टाकीत गोळ्या टाकून ॲव्हरेज दीडपट करून देणारे फेरीवाले येतात, त्यांना पाणी पाजून वाटेस लावावे.

खेप

आता वहीतील त्या शेवटच्या रकान्याकडे येऊ. कशासाठी गेलो, हे महिनाभर लिहून पाहिले, म्हणजे ध्यानात येते की सर्वांत महाग किलोमीटर तो, जो चालण्याची गरजच नव्हती.

आम्ही कचेरीत असता पाहिलेली गोष्ट सांगतो. दूरच्या खोऱ्यातील शेतकरी गाडी करून तालुक्यास येई. एके दिवशी कागद अपुरा निघे, दुसऱ्या दिवशी ज्यांची सही हवी ते अधिकारी दौऱ्यावर असत, तिसऱ्या वेळी कचेरीस सुट्टी. एका कागदासाठी तीन खेपा. पैकी पुष्कळ खेपा आज वाचविता येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ सालापासून शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर अल्प फी भरून घरबसल्या मिळतो. तेवढ्यासाठी तलाठ्याकडे अथवा तालुक्यास जाण्याचे कारण उरलेले नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तरीही शनिवारी गाडी काढून येणारे व बंद दार पाहून परतणारे अद्याप भेटतात. निघण्यापूर्वी एक फोन करावा, लागणारे कागद व त्यांच्या प्रती जोडून ठेवाव्यात, आणि बँक, कचेरी, खताचे दुकान व दवाखाना ही कामे एकाच दिवसात गुंफावीत. वाडीतील शेजाऱ्यासही विचारावे. त्याचे काम त्याच दिवशी असेल, तर दोन गाड्यांचे काम एक गाडी करील.

महाडहून मुंबईस जाऊन-येऊन सुमारे ३५० किलोमीटर होतात. लिटरला १६ चा ॲव्हरेज धरला, तर २२ लिटर, म्हणजे २,२०० रुपये. चौघे गेले तर माणशी ५५० पडतात. एकटा गेला तर सगळे एकट्याच्या माथी. एकट्या माणसास एस.टी. आहे, आणि वीर स्थानकावरून कोकण रेल्वे आहे. आपल्या दारी मोटार आहे म्हणून प्रत्येक वेळी तीच काढली पाहिजे, असा काही कायदा नाही.

पावसाळ्यात तर निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी हवीच. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीस बंद ठेवण्याची वेळ वारंवार येते. भोरला जावयाचे म्हणून निघावे, घाटाच्या पायथ्याशी अडथळा पाहून परतावे, आणि मग माणगावकडून ताम्हिणीने वळसा घालावा, यात अर्धी टाकी व अख्खा दिवस जातो. रस्त्यावर पाणी असेल तर त्यात गाडी घालण्याचे धाडसही करू नये. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये किती वाहने बुडाली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरले असण्याची शंका आहे, ती सुरू करून पाहू नये. आत पाणी असता किल्ली फिरविल्यास इंजिनाचे दांडे वाकतात, आणि मग वर्षभराची सगळी बचत एका क्षणात जाते. ती ओढून न्यावी व तपासून घ्यावी. काचेवर बाष्प धरत असेल तर एअर कंडिशनर लावण्यात काटकसर पाहू नये. उन्हाळ्यात गावातल्या गावात फिरताना काचा उघड्या ठेवाव्यात. महामार्गाच्या वेगास मात्र उघड्या काचा वारा अडवितात, तेव्हा त्या बंद असाव्यात.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असता ॲव्हरेजचा विचार करणारा मनुष्य मूर्खच म्हणावयाचा. परंतु ज्या शेतकऱ्याने रोजच्या शंभर खेपांत जपून पैसा राखला, त्याच्या टाकीत अशा रात्री पेट्रोल असते, त्याच्या टायरात हवा असते, आणि त्याचा ब्रेक लागतो. काटकसरीचे खरे फळ हेच.

या हंगामापासून प्रत्येक मोटारमालकाने एक वही घालावी, अशी आमची विनंती आहे. शंभर पानी वही पुष्कळ झाली. पेरणीपासून कापणीपर्यंत चार महिने नोंद ठेवावी, मग आपले आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. आणि घाटाच्या माथ्यावर जेव्हा जेव्हा हात न्यूट्रलकडे जाईल, तेव्हा जुंपलेल्या बैलांची आठवण ठेवून तो हात मागे घ्यावा.